बाद झालेल्यांच्या बाकाशेजारी

२०२५ च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि जूनचे पहिले तीन दिवस आमच्या घरात टीव्हीचा रिमोट एका हातात टिकला नाही. २७ मेला लखनौत ऋषभ पंतनं नाबाद ११८ धावा ठोकल्या आणि तरीही त्याचा संघ हरला. ३१ मेच्या मध्यरात्री म्युनिकमध्ये पॅरिस सेंट-जर्मेननं इंटर मिलानला ५-० असं धुऊन काढलं. त्याच सुमारास मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव चालू होता. आणि ३ जूनला अहमदाबादेत बंगळुरूच्या संघानं अठराव्या मोसमात एकदाचा आयपीएलचा चषक उचलला. त्या रात्री बेळगावात फटाके किती वाजले ते विचारू नका. मराठी गल्ल्यांतली पोरंसुद्धा ‘ई सल कप नम्दे’, म्हणजे यंदा कप आपलाच, म्हणत मोटारसायकली फिरवत होती. आमच्या थोरल्या बंधूंनी, जे सचिनच्या काळापासून मुंबईच्या संघाचे पाठीराखे, दार लावून घेतलं.

पुतण्या मात्र माझ्यामागं लागला. “आता तरी माना की काका, कोहली होता म्हणून कप आला.” मी म्हटलं, “कोहली तर २००८ पासून आहेच की.” तो चिडला. पण मी त्याला डिवचायला बोललो नव्हतो. मोठा खेळाडू संघासाठी नक्की काय करतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात फार जुना आहे, आणि तो मला पडला तो टीव्हीसमोर नाही.

तरुणपणी खानापूर तालुक्यात, बेळगावच्या आसपासच्या गावांत, निपाणीच्या बाजूला, यात्रेच्या आणि शिवजयंतीच्या कबड्डी स्पर्धांना मी सहायक गुणलेखक म्हणून बसायचो. मुख्य गुणलेखक टेबलाशी, माइकजवळ. त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. सहायकाची जागा मैदानाच्या टोकाला, बाद झालेले गडी येऊन बसतात त्या बाकाशेजारी. काम कंटाळवाणं. कोण कितवा बाद झाला, ते क्रमानं लिहायचं. संघाला गुण मिळाला की जो आधी बाद झाला त्याला आधी आत सोडायचं. समोर हॅलोजनच्या उजेडात लाल माती उडतेय, लाऊडस्पीकरवर एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये समालोचन चाललंय, आणि आपण वहीत खेळाडूंचे नंबर उतरवतोय.

पण त्या जागेवरून जे दिसतं ते प्रेक्षकांतून दिसत नाही. मोठा चढाईपटू बाद होतो तेव्हा लोक ‘आरारारा’ करतात आणि पुढच्या चढाईकडं वळतात. तो मात्र येऊन आपल्या शेजारी बसतो. धापा टाकत पहिलं काय विचारतो, तर “माझ्यापुढं किती?” म्हणजे त्याच्या आधी बाद झालेले किती जण रांगेत आहेत. दोन असले तर संघाला आधी दोन गडी उठवावे लागणार, मग तिसरा तो. आणि त्यातही एक गोम आहे. बोनसचा गुण फलकावर लागतो, पण त्या गुणावर बसलेला गडी उठत नाही. त्यासाठी कुणाला तरी शिवून परत यावं लागतं, नाहीतर समोरच्याची पकड करावी लागते. सामना चाळीस मिनिटांचा, चढाई तीस सेकंदांची. चार मिनिटं बसून राहिला, तर दोन्हीकडच्या मिळून आठ चढाया त्याच्याशिवाय होऊन जातात.

आसपासच्या गावांतून एक चढाईपटू मागवला जायचा. उंच, लांब हाताचा. त्याचं मानधन वेगळं, जेवण वेगळं. लोक त्यालाच बघायला यायचे. आणि मी प्रत्येक वेळी एकच तऱ्हा बघायचो. तो आत असला की त्याच्या संघातले बाकीचे सहा जण चढाईचं नावच काढत नाहीत. तो बाद झाला की नाइलाजानं कुणीतरी जातो, निदानरेषा ओलांडतो, आणि परत येतो. रिकामी चढाई. ‘तो येईपर्यंत टिकवा रे’ असं बाहेरून ओरडणारे गावचे पुढारीही असतातच. पण तो येणार कसा? गुण मिळाल्याशिवाय तो उठत नाही, आणि गुण तर त्यानंच आणायचा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. माझ्या वहीत त्याचा नंबर तसाच पडून राहायचा. समोरच्या संघाला हे कळायला फार वेळ लागत नाही. त्यांना त्याला दर वेळी अडवायचंच नसतं. एकदा धरायचं आणि मग घड्याळाकडं बघत खेळायचं.

प्रो कबड्डीत संघाची ओळीनं तिसरी चढाई रिकामी गेली की चढाईपटूच बाद ठरतो. हा नियम प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी आणला असं म्हणतात. मला तो या ‘टिकवा रे’वरचा इलाज वाटतो.

मोठ्या खेळाडूबद्दल आपण सहसा बोलतो ते त्याच्या अहंकाराबद्दल. ड्रेसिंग रूममध्ये कसा वागतो, कर्णधाराचं ऐकतो का, वगैरे. बाकावर बसलेला तो उंच गडी अजिबात गर्विष्ठ नव्हता. उलट आपल्या पोरांना ओरडून सांगायचा, “जा की, शीव त्याला, तो पाय ठेवायलाय पुढं!” पोरं जात नव्हती. त्याच्या असण्यानं त्यांचे पाय जड झाले होते, आणि यात त्याचा दोष काय होता, हे मला अजून सांगता येणार नाही.

प्रो कबड्डीतला चढाईपटू पवन सेहरावत याची गोष्ट मी याच नजरेनं बघत आलो. बेंगळुरू बुल्सला सहाव्या मोसमात विजेतेपद मिळालं ते त्याच्या जोरावर. गुजरातविरुद्धच्या अंतिम सामन्यात एकट्यानं चढाईत २२ गुण. सामना संपला ३८-३३. त्या रात्री बेळगावच्या कबड्डीवाल्यांत मराठी-कन्नड भेद उरला नव्हता, आणि मीही उड्या मारल्या. पुढं २०२२ मध्ये तमिळ थलैवाजनं त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि तो अख्ख्या मोसमाला मुकला. हा संघ लीगमध्ये आल्यापासून एकदाही बाद फेरीत गेलेला नव्हता. आता संपलंच, असं सगळे म्हणाले. आणि त्याच मोसमात तो संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. नरेंदर नावाच्या नव्या पोरानं पहिल्याच मोसमात चढाईत २४३ गुण घेतले. प्रशिक्षकही मोसमाच्या मध्येच बदलला होता, तेव्हा सगळं श्रेय पवनच्या नसण्याला देणं वेडेपणाचं. पण एवढं खरं, की पवन असता तर त्या २४३ मधल्या बऱ्याचशा चढायांना नरेंदर गेलाच नसता. जो गेला नाही, तो काय करू शकला असता हे कुठल्याच गुणपत्रकात येत नाही.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात, तेलुगू टायटन्सनं पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. प्रत्येक संघाची थैली ५ कोटींची. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे एका माणसावर. त्या मोसमात टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकले आणि तळाला राहिले. पवननं आपलं काम केलं होतं, गुणांच्या यादीत तो वरच होता.

इथंच थांबलो तर लेख सोपा होईल: मोठा खेळाडू घेऊ नका, पैसे वाटून खर्च करा. आमच्या सोसायटीतल्या बैठकीत असले निष्कर्ष पाच मिनिटांत निघतात. पण त्याच लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख दिले. हेही थैलीच्या निम्म्याच्या जवळच. आणि पुणेकरांनी विजेतेपद मिळवलं, १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून. दोन संघ, एकच लिलाव, खर्चाची जवळजवळ सारखीच तऱ्हा. एक पहिला, एक शेवटचा.

मला याचं उत्तर बाकाशेजारच्या जागेवरून दिसतं. पुण्याकडं अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी चढाई करणारी पोरं आधीच एकत्र वाढलेली होती. कुणीही आत गेला तरी फरक पडत नव्हता. त्यांनी विकत घेतलेला मोठा माणूस हा पकडीचा माणूस होता. कोपऱ्यात उभा राहणारा. त्यानं त्या मोसमात पकडीचे ९९ गुण घेतले. आता हिशेब करा. प्रत्येक पकडीला समोरचा एक गडी बाहेर जातो आणि आपला एक बसलेला आत येतो. शादलूनं धरलेली प्रत्येक पकड म्हणजे बाकावरचा एखादा अस्लम किंवा मोहित उठून आत. टायटन्सनं सगळे पैसे जो बाद होणार त्याच्यावर घातले. पुण्यानं, जो बाद झालेल्यांना उठवणार त्याच्यावर. चढाईपटू तासाभरात दहादा मरतो आणि दहादा जिवंत होतो. त्याला जिवंत कोण करतो, हे लोक बघत नाहीत. अंतिम सामन्यातही लोकांच्या लक्षात राहिली ती पंकज मोहितेची एका चढाईत चार गुणांची झेप. साहजिक आहे. मीही तीच परत परत बघितली.

शादलू पुढच्या मोसमात हरियाणाकडं गेला, २ कोटी ७ लाखांना, आणि २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत पाटण्याला ३२-२३ असं हरवून हरियाणानं चषक उचलला. सलग दोन वर्षं, दोन वेगळ्या रंगांचे शर्ट. तेव्हा ‘संघच सगळं, खेळाडू कुणी नाही’ हे जे शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे सांगतात, तेही खरं नाही.

(पुण्याच्या त्या संघाचे प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकचे. त्यांनी २०१९ मध्ये बंगालला जिंकून दिलं होतं, आणि २०२५ मध्ये ते बेंगळुरूकडं गेले. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला असली ये-जा बघून उगाच बरं वाटतं.)

फुटबॉलमध्ये हीच गोष्ट पळण्यात दिसते. पॅरिसच्या संघानं २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले, २०२१ ते २०२३ मेस्सी, नेमार आणि एमबापे तिघं एकत्र खेळवले, आणि युरोपातला चषक मिळाला नाही. मेस्सी-नेमार गेले, २०२४ मध्ये एमबापे माद्रिदला गेला, आणि पुढच्याच वर्षी चषक आला. बेळगावात फुटबॉलची हवा जुनी आहे. कॅम्पातली शाळकरी पोरं आणि लेले मैदानावरचे म्हातारे दोघंही यावर भांडू शकतात. त्या अंतिम सामन्यात दोन गोल करणारा दुए १९ वर्षांचा होता. पण मला आवडला तो डेंबेले. इंटरचा गोलरक्षक चेंडू मारायला तयार होतोय आणि हा शर्यतीला उभा राहिल्यासारखा वाकून, त्याच्यावर डोळे रोखून. आघाडीचा माणूस, आणि पहिली पकड करायला सगळ्यात पुढं तोच. आधीच्या तिघांत चेंडू गेल्यावर मागं धावणारं कोण होतं? त्यांचं पळणं बाकीच्या सात जणांनी पळायचं. डेंबेलेला पुढं सप्टेंबरमध्ये जगातला सर्वोत्तम म्हणून बॅलन डी’ऑर मिळालं. म्हणजे त्या संघात तारा नव्हता असं नाही. तोही २०२३ मध्ये बार्सिलोनाकडून विकत आणलेलाच, पण जगातला सर्वोत्तम झाला तो तिथंच.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं मला फारसं कळत नाही, पण मायकेल जॉर्डनच्या कारकिर्दीतले दोन आकडे विसरता येत नाहीत. १९८६-८७ च्या मोसमात तो सामन्यामागं सरासरी ३७ गुण करत होता, आणि शिकागो बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात बोस्टनकडून ३-० असं हरलं. आणि १९९३ मध्ये, ओळीनं तीन विजेतेपदं मिळवून तो निवृत्त झाला, तेव्हा आधीच्या वर्षी ५७ सामने जिंकलेला संघ त्याच्याशिवाय ५५ जिंकला. दोनच कमी. फक्त विजेतेपद मात्र आलं नाही. त्यासाठी तो परत यावा लागला.

क्रिकेटमध्ये हे गणित थोडं वेगळं. २०१४ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं होतं, की फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये अति मोठे खेळाडू एकत्र आले की एका मर्यादेनंतर संघ उलट घसरतो. बेसबॉलमध्ये मात्र तसं होत नाही, कारण तिथं प्रत्येक जण आपापल्या पाळीला खेळतो. क्रिकेट त्याच जातीचं. कोहली फलंदाजी करतो म्हणून त्याच संघातल्या पाटीदारचे पाय जड होत नाहीत. तिथं मोठ्या खेळाडूच्या पाठीमागं वेगळंच काहीतरी झाकलं जातं. २०१६ मध्ये कोहलीनं ९७३ धावा केल्या. अंतिम सामन्यात गेल आणि तो खेळत होते तेव्हा साडेदहा षटकांत बिनबाद ११४ झाले होते, आणि तरी बंगळुरू ८ धावांनी हरलं. त्याआधी हैदराबादनं २०८ केल्या होत्या, हे कुणाला आठवत नाही. त्या २०८ कुणी दिल्या, हे तर अजिबात नाही. नावं एवढी मोठी होती की गोलंदाजीतलं भोक लोकांना दिसलंच नाही.

२०२५ मध्येही संघात सगळ्यात जास्त धावा कोहलीच्याच, ६५७. पण हेझलवूडचे २२ बळी होते, आणि अंतिम सामन्यात, जिथं कोहली ३५ चेंडूंत ४३ करून गेला आणि लोक संथ म्हणून कुरकुरले, तिथं कृणाल पांड्यानं चार षटकांत १७ धावा देऊन २ बळी घेतले. सामनावीर तोच. फरक फक्त ६ धावांचा. लखनौच्या त्या सामन्यातही तसंच: २७ कोटींचा पंत शतक करून गेला, आणि २२८ धावांचा डोंगर उतरवला तो अमरावतीच्या जितेश शर्मानं, ३३ चेंडूंत नाबाद ८५.

चषक आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बंगळुरूच्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. आमच्या पुतण्याचा एक मित्र त्या दिवशी तिकडं निघाला होता, बस चुकली म्हणून राहिला. यावर दोन ओळी लिहून पुढं जाणं बरं दिसत नाही, पण ते वगळून त्या चषकाबद्दल बोलणंही मला जमत नाही. गर्दी संघासाठी येते असं आपण म्हणतो. ती चेहऱ्यासाठी येते.

आणि चेहऱ्याशिवाय कुणी लक्षातही राहत नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघात आमच्या बेळगावचे बंडू पाटील होते. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध एकच गोल झाला, मोहिंदर लालचा. बेळगावातले जुने लोक बंडू पाटलांचं नाव आजही अभिमानानं घेतात. धारवाडच्या पलीकडं ते कितीजणांना माहीत असेल, कोण जाणे.

मुंबईतल्या त्या कबड्डीच्या लिलावात पवन सेहरावत ५९ लाख ५० हजारांना गेला. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीचा २ कोटी ६० लाखांचा माणूस. शादलूला गुजरातनं २ कोटी २३ लाख दिले, त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली. मला वाटलं, आता जगाला कोपऱ्यातल्या माणसाची किंमत कळायला लागली.

तसं काही नाही, हे पुढच्या हंगामात गावच्या मंडळानं दाखवून दिलं. यात्रेच्या स्पर्धेसाठी बाहेरून एक खेळाडू आणायचा होता. जमलेल्या वर्गणीत एकच परवडणार. जुना माणूस म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, कोपरारक्षक आणा. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मंडळाचा खजिनदार, ज्याची चहाची गाडी आहे, तो म्हणाला, “अण्णा, पकड बघायला कोण येतंय? बॅनरवर काय लिहू, डावा कोपरा?” त्याचंही बरोबर होतं. लोक नाही आले तर पुढच्या वर्षी वर्गणी नाही, वर्गणी नाही तर मॅट नाही. चढाईपटूच ठरला, कोल्हापूरकडचा, नावाजलेला. मोबाइल स्पीकरवर ठेवून बोलणी सुरू झाली. त्यानं आकडा सांगितला. पोरांनी घासाघीस केली. तो थोडा खाली आला, आणि मग म्हणाला, “पण माझ्याबरोबर माझा एक पोरगा येणार, कोपऱ्याला खेळतो. तो नसला तर मी येत नाही. त्याचे वेगळे धरा.”

खजिनदारानं माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. “त्याचं निम्मं तरी करा की हो,” तो फोनवर म्हणाला, आणि अर्धा तास घासाघीस चालली ती त्या कोपऱ्याच्या पोराच्या पैशांवरूनच.